ऑप्शनलला किती वेळ द्यायचा? हिशेब शेवटाकडून मांडा

प्रश्न असा आहे: "सर, इंजिनिअरिंग संपवून जुलैपासून पुण्यात अभ्यासिका लावली आहे. ऑप्शनल (मुख्य परीक्षेसाठी आपण निवडायचा विषय) समाजशास्त्र ठरवलंय. पुढच्या मे महिन्यात यूपीएससीची प्रिलिम (पूर्वपरीक्षा) देणार, राज्यसेवाही देणार. कुणी म्हणतं आधी जीएस (सामान्य अध्ययन) संपव, ऑप्शनल प्रिलिम झाल्यावर बघ. कुणी म्हणतं रोज सहा तास ऑप्शनलच कर. नेमका किती वेळ द्यायचा, आणि कधी?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. जुलै ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत रोज चार तास ऑप्शनलला द्या. तेवढ्यात दोन्ही पेपर एकदा पूर्ण आणि एकदा उजळणी, असं झालं पाहिजे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदाच ऑप्शनलला बसा, पण ती बैठक चुकवू नका. तिथून प्रिलिमपर्यंत ऑप्शनल बंद. प्रिलिमनंतर नवीन काही वाचायचं नाही, फक्त लिहायचं. समाजशास्त्राऐवजी भूगोल, इतिहास किंवा राज्यशास्त्र असेल तर आठवडे थोडे मागेपुढे होतील, मांडणी हीच राहील. गणित किंवा इंजिनिअरिंगचे विषय घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा बराच वेळ सराव-उदाहरणांत जातो आणि ते गणित मी इथे मांडत नाही.

"ऑप्शनल प्रिलिमनंतर" हा सल्ला का टिकत नाही, ते तारखाच सांगतात. २०२५ ची प्रिलिम २५ मे रोजी झाली आणि मेन्स (मुख्य परीक्षा) २२ ऑगस्टला सुरू झाली. मधे ८९ दिवस. त्याच ८९ दिवसांत जीएसचे चार पेपर, निबंध आणि दोन भाषा पेपर यांनाही वेळ द्यायचा असतो. निकाल ११ जूनला लागला. तोपर्यंत "आधी कळू तर दे पास झालोय का" म्हणत वाट पाहणारे सतरा दिवस घालवून बसले, म्हणजे हातात असलेल्या वेळाचा जवळपास पाचवा हिस्सा. उरलेल्या दहा आठवड्यांत समाजशास्त्राचा पहिला पेपर कोऱ्या पाटीवर सुरू करणं म्हणजे नुसतं वाचून काढणं. त्यातून उत्तर उभं राहत नाही.

आता याच वेळापत्रकाचं शेवटचं टोक बघा. २०२५ मध्ये निबंध २२ ऑगस्टला, जीएस २३ आणि २४ ला, भाषा पेपर ३० ला आणि ऑप्शनलचे दोन्ही पेपर ३१ ला होते. २०२४ मध्येही ऑप्शनल शेवटच्याच दिवशी होतं. म्हणजे जीएस संपल्यावर मधले पाच दिवस मिळतात आणि त्या पाच दिवसांत दोन्ही पेपरांची अखेरची उजळणी करायची असते. तोवर सलग तीन दिवस लिहून हात दुखत असतो, डोकं जड झालेलं असतं. माझ्या मते पूर्ण नियोजनाची सुरुवात याच पाच दिवसांपासून करावी. पाच दिवसांत जेवढी पानं शांतपणे डोळ्यांखालून जातील, तेवढ्याच तुमच्या अंतिम नोट्स. तीनशे पानं हाताने लिहून ठेवलीत तर ती त्या वेळी उघडणारही नाहीत. जुलैमध्ये पहिली नोट काढतानाच हे माप डोक्यात हवं: एका मुद्द्याला एक पान, फार तर दीड.

किती महत्त्व द्यायचं हाही गोंधळ आहे, आणि त्याचं एक जुनं कारण आहे. २०१३ च्या आधी मेन्सला दोन ऑप्शनल असत, मिळून १२०० गुण, आणि जीएस फक्त ६००. त्या काळात तयारी केलेले सीनियर ऑप्शनलला निम्म्याहून जास्त वेळ द्या म्हणत आणि ते त्यांच्या परीक्षेला धरून बरोबरच होतं. आता १७५० पैकी ऑप्शनल ५०० आणि जीएस १०००. पण याचा अर्थ जीएसच्या निम्मा वेळ ऑप्शनलला, असाही नाही. जीएसला अंत नाही, रोजचं वर्तमानपत्र त्यात भर घालत राहतं. ऑप्शनलचा अभ्यासक्रम मात्र दोन-तीन छापील पानांत मावतो आणि त्याच्या बाहेरचं सहसा विचारलं जात नाही. घातलेल्या वेळाचा परतावा जिथे जास्त खात्रीचा, तिथे सुरुवातीचा ताजा वेळ घालावा. म्हणून पहिल्या साडेपाच महिन्यांत मी ऑप्शनलला झुकतं माप देतो.

हे साडेपाच महिने म्हणजे साधारण चोवीस आठवडे. पहिल्या पेपरला दहा, दुसऱ्याला आठ, दुसऱ्या वाचनाला चार, आणि दोन आठवडे मोकळे. ते दोन मोकळे आठवडे आधीच कॅलेंडरवर मारून ठेवा, एक गणपतीत आणि एक दिवाळीत. पुण्यात गणपतीचे दहा दिवस पेठांमधल्या अभ्यासिकांत काय अवस्था असते, ते वेगळं सांगायला नको. दिवाळीला घरी जाणारच आहात, तर चार पुस्तकं बॅगेत कोंबून अपराधी मनाने जाण्यापेक्षा तो आठवडा हिशेबातच सुट्टीचा धरा. मागे राहिलेलं काम या आठवड्यांत भरून निघालं तर उत्तम.

पहिल्या पेपरमध्ये दहा घटक आणि दहा आठवडे, म्हणून दर आठवड्याला एक घटक, अशी वाटणी बरेच जण करतात. ती करू नका. पहिले तीन घटक, म्हणजे समाजशास्त्राची ओळख, शास्त्र म्हणून समाजशास्त्र आणि संशोधन पद्धती, एकमेकांत गुंतलेले आहेत. ते मिळून दोन आठवड्यांत उरकतात. चौथा घटक विचारवंतांचा: मार्क्स, दुर्खेम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड. याला पूर्ण तीन आठवडे द्या, आणि त्यातले दोन पहिल्या तिघांनाच. स्तरीकरणाला एक आठवडा. काम, राजकारण, धर्म, नातेसंबंध आणि सामाजिक बदल हे पाच घटक उरलेल्या चार आठवड्यांत बसतात, कारण त्यांत पुन्हा मार्क्स, दुर्खेम, वेबरच येत राहतात. वेबरची नोकरशाही नीट समजली असेल तर 'काम' या घटकात तुम्ही अनोळखी नसता. विचारवंतांना घाईत उरकणारा विद्यार्थी पुढे प्रत्येक घटकात अडखळतो आणि तिथे जादा वेळ मोजतो.

वाटणी करण्याआधी दोन दिवस फक्त मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांना द्या. उत्तरं लिहायची नाहीत. अभ्यासक्रमाची प्रत घ्यायची, प्रत्येक ओळीसमोर त्या ओळीवर आलेले प्रश्न वर्षासह लिहायचे. काही ओळींसमोर जागा पुरत नाही, काही ओळी जवळपास रिकाम्या राहतात. तुमचे आठवडे कुठे जाणार ते त्या कागदावरच दिसतं. हे काम बाजारात तयार मिळतं, पण स्वतःच्या हाताने करा. प्रश्न कसे वळण घेतात, सरळ विचारलेला मुद्दा दोन-तीन वर्षांनी तुलनेत कसा येतो, हे लिहिताना लक्षात येतं. छापील तक्ता वाचताना नजर त्यावरून नुसती घसरते.

आता रोजचे चार तास. दोन तास नवं वाचन, एक तास टिपण, एक तास लेखन. लेखनाचा तास पहिल्या दिवसापासून, कारण "आधी सिलॅबस संपू दे, मग आन्सर रायटिंग" असं म्हणणाऱ्यांचं लेखन मी जूनपर्यंत लांबलेलं पाहिलं आहे.

एक मुद्दा प्रत्यक्ष घेऊन दाखवतो. दुर्खेमचा आत्महत्येचा सिद्धांत. सोमवारी सकाळी वाचायला घेतला. १८९७ चा हा अभ्यास. अत्यंत वैयक्तिक वाटणाऱ्या कृतीमागे सामाजिक कारणं असतात हे आकडेवारीतून दाखवण्याचा प्रयत्न. एकात्मता आणि नियमन हे दोन आस, त्यांच्या अतिरेकातून आणि अभावातून चार प्रकार: एगोइस्टिक (एकात्मता कमी), अल्ट्रुइस्टिक (एकात्मता जास्त), अ‍ॅनॉमिक (नियमन कमी), फेटॅलिस्टिक (नियमन जास्त). वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर हे दोन आस काढून चार प्रकार आठवून मांडा. जे आठवत नाही तेवढंच पुन्हा बघा. हीच तुमची एक पानाची नोट. संध्याकाळी घड्याळ लावून दहा गुणांचं एक उत्तर, सात मिनिटांत. मंगळवारी त्याच मुद्द्यावर वीस गुणांचा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ हा सिद्धांत आजच्या काळात कितपत लागू पडतो. इथे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या तुमच्या मनात आपोआप येतील. त्या आणा, पण सिद्धांताला चिकटवण्यापुरत्या नकोत. कर्ज, बाजारभाव, पाऊस अशा आर्थिक कारणांची मालिका दुर्खेमच्या चौकटीत कितपत बसते आणि कुठे ती चौकट अपुरी पडते, हे लिहिता आलं की उत्तर इतरांपेक्षा वेगळं होतं. शिवाय दुसऱ्या पेपरातल्या कृषी-परिवर्तनाच्या घटकाचा एक परिच्छेदही तयार होतो. शुक्रवारी, नोट न बघता, पुन्हा तेच दहा गुणांचं उत्तर. या एका मुद्द्याला एकूण चार-साडेचार तास लागले. रविवारी आठवडा मोजताना "किती तास बसलो" हे लिहू नका. कोणत्या ओळी न बघता लिहिता येतात ते लिहा. दहा तास बसून तीन ओळी झाल्या तर तीनच धरायच्या.

सात मिनिटं कुठून आली तेही सांगतो, कारण वेळेचा हिशेब परीक्षाकक्षातही हाच आहे. २५० गुण, १८० मिनिटं. दहा गुणांना सात, पंधराला जेमतेम अकरा, वीसला चौदा मिनिटं. प्रश्नपत्रिकेत आठ प्रश्न, दोन विभाग. पाच सोडवायचे, त्यात पहिला आणि पाचवा सक्तीचा, उरलेल्या तिनांत प्रत्येक विभागातला किमान एक. प्रत्येक प्रश्न पन्नास गुणांचा. सक्तीच्या प्रश्नांत दहा-दहा गुणांचे पाच उपप्रश्न असतात आणि ते विभागभर पसरलेले असतात. नियोजनात याचा थेट उपयोग होतो. कुठलाच घटक पूर्ण सोडता येत नाही, कारण तो सक्तीच्या प्रश्नात येऊन बसू शकतो. पण प्रत्येक घटक वीस गुणांच्या खोलीचा करायचीही गरज नाही. काही घटक सात मिनिटांच्या उत्तरापुरते, काही चौदा मिनिटांच्या. तुमच्या प्रश्नपत्रिकांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर '१०' किंवा '२०' असा आकडा टाका. वेळ कमी पडू लागला की '२०' मधल्या दोन-चार ओळी '१०' करा, पण ओळ खोडू नका.

दुसऱ्या पेपरला मी दोन आठवडे कमी दिलेत, कारण त्यातला बराच भाग जीएसच्या पहिल्या पेपरातल्या भारतीय समाजाशी जुळतो. जात, कुटुंब, लोकसंख्या, शहरीकरण हे एकदाच वाचा आणि दोन्हीकडे वापरा. आणि एक आवर्जून सांगावंसं वाटतं. या पेपरात महाराष्ट्रातल्या मुलांचा हात वर आहे, पण तो वापरणारे फार कमी दिसतात. सुरुवातीलाच घुर्ये, श्रीनिवास आणि अ. र. देसाई या समाजशास्त्रज्ञांचे तीन दृष्टिकोन येतात आणि तिघांची नाळ मुंबई विद्यापीठाशी जुळलेली आहे. श्रीनिवास आणि देसाई हे दोघेही घुर्यांचे विद्यार्थी. सामाजिक चळवळींत १८७३ चा सत्यशोधक समाज आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह आहे. ग्रामीण सत्तेचा प्रश्न आला तर सहकारी साखर कारखाना तुमच्या तालुक्यातच असेल. हे शिकायला वेगळा वेळ लागत नाही. दर आठवड्याला एक पान "आपल्याकडची उदाहरणं" म्हणून भरत जा. दिवाळीपर्यंत ती वही तुमच्या कामाची होते.

मराठी माध्यमातून लिहिणार असाल तर चोवीस आठवड्यांत निदान दोन जादा धरा. चांगलं साहित्य बहुतांश इंग्रजीत आहे आणि यूपीएससीची साहित्य सोडून इतर विषयांची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच असते. म्हणजे वाचायचं इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत, उत्तर मराठीत. ही उलथापालथ परीक्षाकक्षात करायला वेळ नसतो. परिभाषेची वेगळी वही पहिल्या आठवड्यापासून ठेवा आणि एका संज्ञेला एकच मराठी शब्द पक्का करा. एलिअनेशनसाठी एका उत्तरात 'परात्मता' आणि पुढच्यात 'दुरावा' असं झालं की तपासणाऱ्याला संकल्पना वेगळी वाटते. तांत्रिक संज्ञेचा इंग्रजी शब्द कंसात द्यायला यूपीएससीची मुभा आहे, ती वापरा. पण शब्दापुरतीच, वाक्यंच्या वाक्यं इंग्रजीत नकोत.

डिसेंबरच्या मध्यापासून प्रिलिम. इथे ऑप्शनल पूर्ण बंद करणारे खूप आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. पाच महिने न उघडलेला विषय जूनमध्ये परका झालेला असतो. दर रविवारी तीन तास पुरेत: पहिला तास एका घटकाच्या नोट्स, दुसऱ्यात चार-पाच उत्तरं, तिसऱ्यात ती उत्तरं स्वतः तपासणं. मार्चअखेर हे दीड तासावर आणा. एप्रिलच्या मध्यापासून प्रिलिमपर्यंत मात्र काहीच नको. त्या सहा आठवड्यांत सगळा जीव प्रिलिमला हवा, कारण ती सुटली नाही तर पुढच्या कशाला अर्थ नाही. सीसॅट, म्हणजे प्रिलिमचा पात्रतेपुरता दुसरा पेपर, नुसत्या ३३ टक्क्यांनी सुटतो म्हणून तो गृहीत धरू नका. तुम्ही इंजिनिअर असलात तरी उताऱ्यांचा सराव लागतोच.

प्रिलिमनंतर दोन दिवस झोपा आणि तिसऱ्या दिवशी ऑप्शनलची वही उघडा. उत्तरतालिका जुळवून काठावर असलात तरीही. निकाल हुकला तरी हा वेळ वाया जात नाही. तुमच्यासमोर राज्यसेवा आहेच. जून हा महिना ऑप्शनलचा: तीन आठवड्यांत दोन्ही पेपरांची उजळणी आणि प्रत्येक विभागाची एक चाचणी. जुलैत जीएस आणि निबंध पुढे येतील, ऑप्शनल रोज दीड-दोन तासांवर. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात निदान दोनदा एकाच दिवशी दोन्ही पूर्ण पेपर लिहा, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच, अगदी परीक्षेच्या वेळेत. दुसऱ्या पेपरच्या शेवटच्या प्रश्नाला अक्षर कसं होतं आणि मुद्दे कसे आटतात, ते घरी बसून तीन-तीन तासांचे सुटे पेपर लिहून कळत नाही. टेस्ट सिरीज लावणार असाल तर पेपर किती हे नंतर बघा, तपासून किती दिवसांत मिळतो ते आधी विचारा. महिन्याने हातात आलेल्या शेऱ्यांचा ऑगस्टमध्ये उपयोग नाही.

क्लासबद्दल विचारलेलं नाही, पण पुण्यात आहात म्हणून एवढंच: क्लासमधले तास या चार तासांत मोजू नका. लेक्चर ऐकणं हे दोन तासांच्या वाचनातलं फार तर निम्मं काम आहे. क्लास रोज तीन तासांचा असेल तर टिपण आणि लेखनाचे दोन तास वेगळे काढावेच लागतील, आणि जीएसचं वाचन त्या महिन्यांत थोडं आटोपतं घ्यावं लागेल.

नोकरी करणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: रोज दोन तास आणि शनिवार-रविवारी सहा-सहा, असे आठवड्याला बावीस तास होतात. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस बसणाऱ्या विद्यार्थ्याचे चोवीस होतात. फरक तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. तुमचा खरा तोटा जीएसमध्ये होतो, म्हणून तुम्ही जुलैऐवजी एप्रिलपासून सुरुवात करा. साठवलेली रजा प्रिलिमसाठी उधळू नका. तिचा मोठा भाग ऑगस्टसाठी राखा.

राहिला राज्यसेवेचा भाग. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आहे, त्यातही ऑप्शनलचे २५०-२५० चे दोन पेपर आहेत आणि एकूण गुणही १७५० अधिक मुलाखतीचे २७५. त्यामुळे वेगळं नियोजन लागत नाही. पण दोन्ही अभ्यासक्रम एकसारखेच असतील असं गृहीत धरून चालू नका. आयोगाच्या संकेतस्थळावरून तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून यूपीएससीच्या प्रतीशेजारी ठेवा आणि जादा ओळींखाली लाल रेघ मारा. त्या ओळी ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या पेपरच्या आठवड्यांतच उरका. मेन्सच्या तारखा जवळ आल्यावर त्यांना हात लावायला सवड मिळणार नाही. आणि राज्यसेवेच्या जुन्या बहुपर्यायी प्रश्नसंचांवर ऑप्शनलसाठी वेळ घालवू नका. तेव्हा ऑप्शनल नव्हतंच.